अनोळखी माणसांची भाषा : सोळाव्या-सतराव्या शतकांत इंग्रजी का बदलली?

प्रश्न असा आहे की, साधारण १५०० ते १७०० या दोनशे वर्षांत इंग्रजी भाषेचे रूप इतके का पालटले आणि त्या पालटामागे समाजातली कोणती स्थित्यंतरे होती. इंग्रजी भाषेचा इतिहास पदव्युत्तर वर्गांना अनेक वर्षे शिकवताना मी पाहिले आहे की, याचे ठरीव उत्तर विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. छापखाना आला, ग्रीक-लॅटिन विद्येचे पुनरुज्जीवन झाले, धर्मसुधारणा झाली, सागरी व्यापार वाढला आणि त्यामुळे भाषा समृद्ध झाली, असे ते उत्तर. यातले काहीही चुकीचे नाही. पण या उत्तरात बोलणारा माणूस कोठेच दिसत नाही. सर्वनामे, क्रियापदांचे प्रत्यय, शब्दांची लेखनरूपे ही भाषेची हाडे आहेत आणि छापखाना आला एवढ्या एका कारणाने हाडांची ठेवण बदलत नाही. माझ्या मते या काळातला निर्णायक सामाजिक बदल एकच होता : ज्यांची कुळी, गाव आणि दर्जा आपल्याला ठाऊक नाही अशा माणसांशी रोज बोलण्याची, त्यांच्यासाठी लिहिण्याची आणि त्यांचे लिहिलेले वाचण्याची वेळ फार मोठ्या संख्येने लोकांवर आली. बाकीची कारणे या एका गोष्टीला येऊन मिळतात.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. १४९० मध्ये छापलेल्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने एक प्रसंग नोंदवला आहे. टेम्सवरून नेदरलँड्समधल्या झीलंडकडे निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे केंटच्या किनाऱ्याजवळ अडकून पडले. त्यांच्यातल्या एकाने किनाऱ्यावरच्या एका घरी जाऊन ‘एग्ज’ म्हणजे अंडी मागितली. घरच्या बाईने सांगितले की तिला फ्रेंच येत नाही. व्यापारी रागावला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हती. मग दुसऱ्या एकाने ‘एरन’ मागितली, तेव्हा तिला अर्थ कळला. ‘एग’ हा शब्द नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, वसाहतकऱ्यांबरोबर इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत आलेला, तर ‘एरन’ हे दक्षिणेत टिकून राहिलेले जुने इंग्रजी रूप. दोघेही इंग्रजीच बोलत होते. कॅक्स्टन पुढे विचारतो की, आता माणसाने लिहावे तरी काय? हा प्रश्न हस्तलिखितांच्या नकलकाराला पडत नसे, कारण त्याची प्रत कोणाच्या हाती जाणार हे बहुधा त्याला माहीत असे. शेकडो प्रती काढून त्या अनोळखी गिऱ्हाइकांना विकणाऱ्या मुद्रकाला मात्र हा प्रश्न पहिल्या दिवसापासून पडला. प्रमाणभाषेची गरज व्याकरणकाराच्या आधी दुकानदाराला जाणवली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

छापखान्याइतकेच, किंबहुना अधिक काम लंडनने केले. १५२० च्या सुमारास शहराची वस्ती ५०-६० हजारांच्या घरात होती. १६०० पर्यंत ती सुमारे २ लाख झाली आणि १७०० पर्यंत ५ लाखांच्या वर गेली. या शहरात जन्मांपेक्षा मृत्यू अधिक होत, म्हणजे ही सारी वाढ बाहेरून येणाऱ्यांच्या बळावर झालेली होती. मेंढवाड्यांसाठी कुंपण घातल्याने जमिनीवरून हटलेले शेतमजूर, कारागिरांकडे उमेदवारी करायला आलेले पोरगे, घरकामाला आलेल्या मुली, वकिलीच्या शिक्षणासाठी आलेले जमीनदारांचे मुलगे हे सगळे एकाच गल्लीत, एकाच बाजारात आले. प्रत्येकाची बोली वेगळी होती. अशा जागी घरच्या बोलीचे खास कंगोरे झिजतात आणि चार प्रांतांतल्या माणसांना कळणारे रूप वर येते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण क्रियापदाच्या प्रत्ययात सापडते. दक्षिण इंग्लंडात तृतीयपुरुषी एकवचनाला ‘-एथ’ लागत असे, म्हणजे ‘ही मेकेथ’, ‘शी हॅथ’. आजचे ‘मेक्स’ आणि ‘हॅज’ यांतला ‘-स’ हा मुळात उत्तरेकडचा प्रत्यय. लंडनच्या सुशिक्षितांना तो एके काळी गावंढळ वाटला असेल, पण उत्तरेकडून येणाऱ्यांचा ओघ थांबला नाही आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तो झपाट्याने वर आला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या स्वतःच्या पत्रांतही तो वारंवार दिसतो. याउलट १६११ च्या बायबलमध्ये सर्वत्र ‘-एथ’ आहे, कारण धर्मग्रंथाला गंभीर, जुने वळण हवे होते. म्हणून त्या ग्रंथावरून तेव्हाची बोलभाषा ठरवणे धोक्याचे आहे. ‘हॅथ’ आणि ‘डथ’ ही दोन रूपे मात्र रोजच्या वापरातली असूनही, किंवा त्यामुळेच, इतरांपेक्षा बराच काळ टिकली.

हा बदल कोणी पुढे नेला, हे आता बऱ्याच खात्रीने सांगता येते. हेलसिंकी विद्यापीठातल्या तेर्त्तू नेवालाइनेन आणि हेलेना राऊमोलिन-ब्रुनबेर्ग या अभ्यासक आणि त्यांचे सहकारी यांनी पंधराव्या ते सतराव्या शतकांतल्या सुमारे ६००० खासगी पत्रांचा संग्रह तयार करून, पत्रलेखकाचे लिंग, दर्जा आणि प्रांत यांनुसार त्यांतली रूपे मोजली. ‘-स’ प्रत्ययाच्या बाबतीत स्त्रिया पुरुषांच्या पुढे होत्या, असे त्यातून दिसले. पण एका वाक्यात दोन-तीन नकार वापरण्याची जुनी रीत जेव्हा मागे पडू लागली, तेव्हा त्या बदलात पुरुष, आणि त्यातही शिकलेले, कायद्याशी वा राजदरबाराशी संबंध असणारे पुरुष पुढे होते. याचा अर्थ मी असा लावतो की, बोलण्याच्या वाटेने पसरणारा बदल स्त्रियांनी पुढे नेला आणि शाळा-कचेरीच्या लेखी भाषेतून आलेला बदल पुरुषांनी, कारण त्या शाळांची आणि कचेऱ्यांची दारे स्त्रियांना बंद होती. एका समाजातली विषमता दोन बदलांच्या प्रवासात अशी वाचता येते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. पत्रे लिहिणारी माणसे हा समाजाचा लहानसा, वरचा भाग होता. मजुरांचे आणि मोलकरणींचे बोलणे आपल्यापर्यंत बहुतांशी न्यायालयातल्या जबान्यांतूनच, आणि तेही कारकुनाच्या हातून गाळून आलेले आहे.

आता सर्वनामांकडे वळतो. मराठी वाचकाला हा भाग इंग्रज वाचकापेक्षा लवकर समजतो, असा माझा अनुभव आहे. एके काळी इंग्रजीत ‘दाऊ’ हे एकवचन आणि ‘यी’ किंवा ‘यू’ हे अनेकवचन होते. फ्रेंच रिवाजाच्या प्रभावाने तेराव्या शतकापासून वरिष्ठ व्यक्तीला एकटी असली तरी अनेकवचनाने संबोधण्याची पद्धत रुजली. म्हणजे आपल्याकडच्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखीच व्यवस्था झाली : वरून खाली ‘दाऊ’, खालून वर ‘यू’, जिवलगांत ‘दाऊ’, रागात आणि अपमान करतानाही ‘दाऊ’. नोव्हेंबर १६०३ मध्ये विंचेस्टरला सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा महान्यायवादी एडवर्ड कोक याने त्याला भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हटले, आणि मी तुला ‘दाऊ’ म्हणतो आहे असे त्याच वाक्यात बजावलेही. एका सरदाराला उद्देशून उच्चारलेले ते सर्वनाम हीच शिवी होती. मराठीत ज्याने कधी चारचौघांत एखाद्याच्या तोंडून अचानक ‘तू’ ऐकून घेतले आहे, त्याला या प्रसंगावर भाष्याची गरज नाही.

मग ‘दाऊ’ का गेले? खेड्यात प्रत्येकाला प्रत्येकाचा दर्जा माहीत असतो, त्यामुळे कोणाला काय म्हणावे हा प्रश्न उठत नाही. लंडनमध्ये समोरचा माणूस लोकरीच्या व्यापारात नुकताच श्रीमंत झालेला शेतकऱ्याचा मुलगा आहे की कर्जबाजारी झालेला जुना घरंदाज, हे कपड्यांवरूनही नक्की कळेनासे झाले. राजाज्ञेने कॅथलिक मठांचे विसर्जन १५३६ ते १५४० या काळात झाले, त्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या आणि नवे जमीनमालक तयार झाले. अशा समाजात चुकून ‘दाऊ’ म्हणण्याचा धोका मोठा, आणि चुकून ‘यू’ म्हटल्याने काहीच बिघडत नाही. लोकांनी सुरक्षित रूप निवडले. आदरार्थी रूप हळूहळू सर्वांसाठी झाले आणि त्यामुळेच ते आदराचे राहिले नाही.

या घडामोडीला १६५० च्या दशकात एक विलक्षण वळण मिळाले. जॉर्ज फॉक्स आणि त्याचे अनुयायी, म्हणजे क्वेकर, यांनी ठरवले की देवासमोर सर्व माणसे सारखी असल्यामुळे न्यायाधीशालाही ‘दाऊ’च म्हणायचे आणि कोणासमोरही टोपी काढायची नाही. एका माणसाला अनेकवचन लावणे हे त्यांच्या मते असत्य भाषण होते. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग सोसला. माझ्या दृष्टीने हा भाषेच्या इतिहासातला फार गंभीर प्रसंग आहे, कारण एरवी नकळत घडणारी गोष्ट येथे माणसांनी जाणीवपूर्वक, किंमत मोजून केली. पण भाषेवर परिणाम उलटा झाला. ‘दाऊ’ हे एका छळल्या जाणाऱ्या पंथाचे चिन्ह ठरल्यामुळे इतरांना ते टाळण्याला आणखी एक कारण मिळाले. समता दोन्ही बाजूंना हवी होती, असे नाही; पण समतेचे रूप शेवटी ‘सर्वांना तुम्ही’ असे झाले, ‘सर्वांना तू’ असे झाले नाही. उत्तर इंग्लंडच्या काही बोलींत जुने सर्वनाम पुढेही राहिले, आणि प्रार्थनेत तर ते राहिलेच. आजचा वाचक बायबलमधले ‘दाऊ’ आदरार्थी समजतो, हा त्या टिकून राहण्याचा परिणाम. प्रत्यक्षात बायबलचा अनुवादक विल्यम टिंडेलने हिब्रू आणि ग्रीकमधल्या एकवचनासाठी ते साधे एकवचन म्हणून वापरले होते.

टिंडेलचे नाव आले, म्हणून धर्मसुधारणेकडे येतो. त्याने ग्रीकवरून केलेला नव्या कराराचा इंग्रजी अनुवाद १५२६ मध्ये जर्मनीतल्या वर्म्सला छापला गेला आणि कापडाच्या गठ्ठ्यांतून चोरून इंग्लंडात आला. १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ त्याला गळा आवळून मारले आणि जाळले. त्याच्यावरच्या आक्षेपांत शब्दांच्या निवडीचा वाद अग्रभागी होता. ‘चर्च’च्या जागी ‘काँग्रिगेशन’, ‘प्रीस्ट’च्या जागी ‘एल्डर’, ‘चॅरिटी’च्या जागी ‘लव्ह’ असे शब्द त्याने घातले, आणि कॅथलिक विद्वान थॉमस मोरने त्यावर कडाडून हल्ला केला, कारण ‘एल्डर’ म्हटले की पुरोहिताची सत्ता जाते आणि उरतो फक्त वडीलधारा माणूस. अवघ्या तीन वर्षांनी, १५३९ मध्ये, प्रत्येक चर्चमध्ये ठेवायचे म्हणून जे अधिकृत इंग्रजी बायबल निघाले, त्यात टिंडेलच्याच वाक्यांचा मोठा वाटा होता, आणि १६११ च्या बायबलच्या नव्या करारातही आहे. त्याची वाक्ये आखूड, बोलण्यातली, कानाला धरणारी आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनीही ती दर रविवारी ऐकली. एकच गद्य देशभर एकाच वेळी ऐकू येण्याची ही पहिलीच वेळ होती.

या वाचनाची सत्तेला भीती वाटली, हेही सांगितले पाहिजे. १५४३ च्या कायद्याने कारागीर, उमेदवार, नोकर, शेतमजूर आणि सामान्य स्त्रिया यांना इंग्रजी बायबल वाचण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, याचा अर्थ ते वाचत होते.

परंतु हीच इंग्रजी काही लोकांवर लादलेली भाषा होती. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले, तेव्हा कॉर्नवॉल आणि डेव्हन येथे बंड झाले. आमच्यातल्या काहींना इंग्रजी समजत नाही, म्हणून ही नवी इंग्रजी आम्ही नाकारतो, असे कॉर्नवॉलच्या बंडखोरांनी आपल्या मागण्यांत लिहिले. बंड रक्तपाताने मोडले गेले. कॉर्निश भाषेत बायबल आले नाही आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बोलीव्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली. वेल्समध्ये १५३६ च्या कायद्याने न्यायालयांची भाषा इंग्रजी केली होती. तरी १५६३ मध्ये संसदेनेच बायबलचे वेल्श भाषांतर करण्याचा आदेश दिला आणि १५८८ मध्ये विल्यम मॉर्गनचे संपूर्ण वेल्श बायबल निघाले. वेल्श आजही जिवंत आहे. इतर कारणेही होती. परंतु प्रार्थनेची भाषा कोणती, हा निर्णय एका भाषेला तारणारा आणि दुसरीला बुडवणारा ठरला, असे मी म्हणेन.

या उलथापालथीचा एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. एलिझाबेथच्या प्रॉटेस्टंट राज्यात कॅथलिक राहून उजळ माथ्याने जगणे अवघड झाले, तेव्हा विल्टशायरचा थॉमस स्टीफन्स हा तरुण देश सोडून येशूसंघात गेला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. ते मराठी ओवीत आहे. सामान्य माणसाला धर्मकथा त्याच्याच भाषेत मिळाली पाहिजे, हा टिंडेलचा आग्रह ज्या शतकाने पेटवला, त्याच शतकातल्या विरुद्ध पक्षाच्या इंग्रजाने ते काम आपल्या भाषेत केले. आपल्याकडे फादर स्टीफन्स मराठीच्या अभ्यासक्रमात शिकवतात आणि टिंडेल इंग्रजीच्या. दोघांना एकत्र वाचण्याची संधी आपण दवडतो, याची मला मनापासून खंत वाटते.

लेखनपद्धतीबद्दल थोडक्यात सांगतो. कॅक्स्टनच्या काळात लेखनरूपे छापून गोठू लागली, नेमकी तेव्हाच दीर्घ स्वरांची उचल, म्हणजे ते तोंडात अधिक वरच्या जागी उच्चारले जाण्याचा बदल, चालू होती. पूर्वी ‘नेम’चा उच्चार साधारण ‘नामअ’, ‘टाइम’चा ‘टीमअ’ आणि ‘हाउस’चा ‘हूस’ असा होता. अक्षरे जुन्या उच्चाराची आणि तोंड नव्या उच्चाराचे, अशी फारकत झाली. देवनागरी वाचणाऱ्याला इंग्रजी स्पेलिंगचा जो जाच होतो, त्याचे मूळ येथे आहे. त्यात लॅटिन जाणणाऱ्यांनी भर घातली. ‘डेट’ म्हणजे कर्ज या फ्रेंचमधून आलेल्या शब्दात कोणी ‘बी’ उच्चारत नव्हते. ‘डेबिटम’ हे लॅटिन मूळ दिसावे म्हणून ते अक्षर घातले गेले. ‘आयलंड’मधले ‘एस’ तर चुकीच्या व्युत्पत्तीवरून शिरले.

लॅटिन शब्दांच्या आयातीवर पुस्तके भरभरून लिहितात, म्हणून मी तेथे रेंगाळत नाही. त्या आयातीने समाजात पाडलेली फट मात्र दाखवली पाहिजे. लॅटिन ग्रामर स्कूलमध्ये शिकवत आणि तेथे मुलगेच जात. सर जॉन चीक या ग्रीकच्या विद्वानाने १५५७ च्या पत्रात आपली भाषा स्वच्छ आणि अमिश्र राहावी, असा आग्रह धरला. बायबलच्या अनुवादात त्याने ‘क्रूसिफाइड’ऐवजी ‘क्रॉस्ड’ आणि ‘ल्यूनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’ असे घरगुती शब्द योजले. ते रुजले नाहीत. थॉमस विल्सनने १५५३ मध्ये अवजड शब्दांची थट्टा करण्यासाठी जे नमुनापत्र रचले, त्यातले ‘सेलिब्रेट’ आणि ‘डेक्स्टेरिटी’ हे शब्द आज शाळकरी मुलेही वापरतात. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने सुमारे २५०० अवघड शब्दांचा पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश काढला आणि तो स्त्रियांसाठी व इतर न शिकलेल्यांसाठी असल्याचे मुखपृष्ठावरच छापले. स्वतःच्या मातृभाषेतल्या शब्दांचा अर्थ कोशात पाहावा लागणारा मोठा वर्ग तयार झाला होता, याचा तो कोश पुरावा आहे.

बोलीवरून दर्जा ठरवण्याची रीतही याच काळात पक्की झाली. १५८९ मध्ये जॉर्ज पटनम या काव्यशास्त्रकाराने कवींना सल्ला दिला की दरबाराची, लंडनची आणि लंडनभोवतालच्या ६० मैलांतली भाषा घ्यावी. उत्तरेची भाषा अधिक शुद्ध सॅक्सन असल्याचे तो मान्य करतो, पण ती शिष्ट नाही म्हणतो.

१६४१ मध्ये स्टार चेंबर हे न्यायालय बंद होऊन छपाईवरचा धाक गेला आणि राजा व संसद यांच्यातल्या यादवी युद्धाच्या वर्षांत पत्रकांचा पूर आला. जॉर्ज थॉमसन या पुस्तकविक्रेत्याने एकट्याने १६६१ पर्यंत सुमारे २२ हजार पत्रके आणि वार्तापत्रे जमवली. सामान्य माणसे छापील इंग्रजीत राजकीय वाद करू लागली. त्या कोलाहलाचा वीट येऊन पुढची पिढी संयत गद्याकडे वळली. १६६० मध्ये स्थापन झालेल्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या इतिहासात थॉमस स्प्रॅटने १६६७ मध्ये पंडितांपेक्षा कारागिरांची, खेडुतांची आणि व्यापाऱ्यांची भाषा बरी, असे लिहिले. न्यूटनने १६८७ चा ‘प्रिन्सिपिया’ लॅटिनमध्ये लिहिला आणि १७०४ चा ‘ऑप्टिक्स’ इंग्रजीत.

व्यापाराने आलेल्या शब्दांपैकी आपल्या जवळचे एवढेच सांगतो. १६१३ पासून सुरतेला आणि १६६८ पासून मुंबईला ईस्ट इंडिया कंपनीची माणसे राहू लागली, आणि आपले मुंगूस त्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज प्रवाशांच्या लेखनात ‘माँगूस’ म्हणून शिरले. कालिकतच्या कापडाचे ‘कॅलिको’ झाले, छिटाचे ‘चिंट्स’ झाले. असे शब्द मोहक असतात, पण त्यांनी भाषेच्या रचनेला हात लावला नाही.

शेवटी अभ्यासकांसाठी एक इशारा. प्रत्येक बदलाला सामाजिक कारण चिकटवू नये. दीर्घ स्वर का उचलले गेले, यावर तज्ज्ञांत आजही एकमत नाही. लंडनमधल्या बोलींच्या संपर्काने ते घडले, हे एक पटण्याजोगे अनुमान आहे, सिद्ध गोष्ट नव्हे. प्रश्नार्थक आणि नकारार्थी वाक्यांत ‘डू’ अनिवार्य का झाले, याचे उत्तर तर बरेचसे वाक्यरचनेच्या आतच शोधावे लागते. सामाजिक कारण सांगायचे असेल, तर तो बदल कोणी आधी केला, कोणी नंतर आणि कोणी केलाच नाही, हे पत्रांतून किंवा जबान्यांतून दाखवता आले पाहिजे. ‘यू’ आणि ‘-स’ यांच्या बाबतीत ते दाखवता येते, म्हणून मी त्यांवर एवढा वेळ घालवला.